नदीकाठची मोजणी
(सस्कॅचेवानच्या तीरावरील काही इतिहासस्थळे)

इतिहास पाहावयाचा म्हणजे बुरूज, महाल आणि विजयस्तंभ पाहावयाचे, अशी आपली साधारण समजूत असते. कॅनडाच्या पश्चिमेकडील प्रेअरी प्रदेशात, म्हणजे तेथील अफाट गवताळ माळरानावर, असे काहीच नाही. सस्कॅचेवान नदीच्या उत्तर व दक्षिण अशा दोन शाखा प्रिन्स अल्बर्ट या गावाच्या पूर्वेस एकत्र होतात. त्या संगमाच्या अलीकडे, दोन्ही शाखांच्या आसपास, बटोश, डक लेक, फोर्ट कार्लटन अशी लहान लहान स्थळे आहेत. ती पाहताना आम्हांस जो इतिहास दिसला, तो मुख्यतः जमिनीच्या मोजणीचा होय.

बटोश हे गाव दक्षिण शाखेच्या उजव्या काठी, १८७२ च्या सुमारास, झाव्हिए लेतांद्र या व्यापाऱ्याच्या तरीभोवती वसले. वस्ती मेटी लोकांची. फ्रेंच व्यापारी आणि क्री, ओजिब्वे इत्यादी मूळ जमातींच्या स्त्रिया यांच्या विवाहांतून हा समाज निर्माण झाला. भाषा फ्रेंच व क्री, धर्म कॅथलिक, व्यवसाय गव्यांची शिकार आणि मालवाहतूक. यांतील पुष्कळजण पूर्वेकडील रेड नदीचा काठ सोडून आलेले होते. तेथे १८७० च्या मॅनिटोबा कायद्याने मेटींच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमीन राखून ठेवण्याचे वचन दिले होते. परंतु वाटपास विलंब आणि घोटाळा इतका झाला, की अनेकांनी निराश होऊन पश्चिमेची वाट धरली.

मेटींची जमीन विभागण्याची रीत नदीस धरून होती. प्रत्येक कुटुंबास सुमारे दोनशे मीटर रुंदीचा नदीकाठ आणि त्यामागे सुमारे तीन किलोमीटर लांब गेलेली पट्टी. पुढे पाणी व मासे, मग घर व शेत, मग गवत, शेवटी रान. आणि शेजारी हाकेच्या अंतरावर. ओटावा येथील सरकारची रीत निराळी होती. ३६ चौरस मैलांचा एक तालुका, एक मैल चौरसाचा प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि १८७२ च्या कायद्यान्वये १० डॉलर शुल्क भरणाऱ्या वसाहतकारास त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर. या आखणीत नदी ही केवळ रेषा मोडणारी अडचण ठरते. भूमापकांनी काठाचा काही भाग मेटींच्या रीतीप्रमाणे पट्ट्यांत मोजला. परंतु बराच भाग चौकोनांत मोजून झालेला होता, आणि एका कुटुंबाचे घर एका चौकोनात तर शेत दुसऱ्यात, असा प्रकार झाला. अर्जांमागून अर्ज गेले. सनदा मात्र आल्या नाहीत.

येथे गोमंतकीय वाचकांस गावकरीची आठवण होईल. पोर्तुगीज सत्तेने १५२६ साली फोराल काढून तिसवाडीतील गावकऱ्यांच्या जुन्या रूढी लेखनिविष्ट केल्या. पुढे देवळांचे व देवस्थानच्या जमिनींचे काय झाले, हे आपणांस सांगावयास नको. तरीही प्रजेचा पूर्वापार भोगवटा आधी समजून घ्यावा आणि मग कर ठरवावा, एवढा शहाणपणा त्या दस्तात होता. साडेतीनशे वर्षांनंतरच्या ओटावाने तो दाखविला नाही.

१८८४ साली गॅब्रिएल द्यूमाँ हा शिकाऱ्यांचा नायक अमेरिकेत जाऊन लुई रिएल यास घेऊन आला. १६ डिसेंबर १८८४ रोजी तक्रारींचा सविस्तर अर्ज ओटावास धाडण्यात आला. १९ मार्च १८८५ रोजी बटोश येथे तात्पुरते सरकार स्थापन झाले. २६ मार्चला डक लेक, २४ एप्रिलला फिश क्रीक आणि ९ ते १२ मे बटोश, अशा लढाया झाल्या. मिडल्टनच्या सैन्याने सेनेचे साहित्य भरलेली एक आगबोटही नदीतून आणली. मेटींनी तरीचा दोर खाली ओढून तिची धुराडी पाडली. अखेरच्या दिवशी दारूगोळा संपला, तेव्हा काहींनी बंदुकीत खिळे व खडे भरले. आजही त्या टेकाडावर चर्च उभे आहे, पाद्र्यांच्या निवासाच्या भिंतीत गोळ्यांच्या खुणा आहेत, आणि दफनभूमीत नदीकडे तोंड करून द्यूमाँचे थडगे आहे.

रिएल शरण आला. रेजायना येथे त्याजवर राजद्रोहाचा खटला चालला, तो १३५१ च्या इंग्रज कायद्याखाली. ज्यूरी बारांची नव्हे, सहांची. वकिलांनी वेडेपणाचा बचाव मांडला. खुद्द आरोपीने तो नाकारला. ज्यूरीने दोषी ठरवून दयेची शिफारस केली. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे आपल्याकडील अपिलेही पुढे ज्या न्यायासनापुढे जात त्यानेच, अपिलास परवानगी दिली नाही. १६ नोव्हेंबर १८८५ रोजी त्यास फाशी देण्यात आले. आमच्या मते या खटल्यात एक प्रश्न विचारलाच गेला नाही : ज्या जमिनीसाठी हे सारे घडले, तिच्यावर हक्क कोणाचा होता?

उत्तर शाखेवरील फोर्ट कार्लटन येथे त्या प्रश्नाचा आधीचा अध्याय आहे. हडसन्स बे कंपनीचे हे व्यापारी ठाणे १८८५ साली जळाले. आज दिसतो तो पुनर्निर्मित कोट होय. येथे २३ ऑगस्ट १८७६ रोजी क्री प्रमुखांशी सहावा तह झाला. पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल राखीव जमीन, दुष्काळात साहाय्य आणि औषधाची एक पेटी, ही त्यातील काही कलमे. ती पेटी म्हणजे केवळ पेटी की आरोग्यसेवेचे वचन, यावर १९३५ साली न्यायालयाने उदार अर्थ केला आणि १९६६ साली दुसऱ्या न्यायालयाने संकुचित.

नदीच्या पूर्वेस वाकॉ नावाचे खेडे आहे. तेथे १९१९ साली जॉन डीफेनबेकर या तरुणाने वकिली सुरू केली. १९५७ साली तो पंतप्रधान झाला, आणि त्याच्याच कारकीर्दीत, १९६० साली, तहाचे हक्क न गमावता मूळ जमातींना संसदेसाठी मतदान करता येऊ लागले. तह होऊन तोवर चौऱ्याऐंशी वर्षे लोटली होती.

१८९० साली लोहमार्ग डक लेकवरून गेला आणि बटोश ओस पडत गेले. परंतु न्यायाचे काम तेथे संपले नाही. ८ मार्च २०१३ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की १८७० च्या त्या जमीनवाटपात राजसत्तेने आपल्या प्रतिष्ठेस साजेसे वर्तन केले नव्हते. एकशे त्रेचाळीस वर्षांनी आलेल्या या निर्णयाने कोणाचे शेत परत मिळाले नाही. परंतु अर्जदारांचे म्हणणे खरे होते, हे दप्तरी नोंदले गेले. वाचकांपैकी कोणी त्या बाजूस गेल्यास त्यांनी बटोशच्या काठावरून शेतांचे बांध अवश्य पाहावेत. आसपास चोहोकडे चौकोन आहेत, आणि नदीलगत कोठे कोठे त्या जुन्या लांब पट्ट्या अजून ओळखू येतात.