‘हेवी’ची मराठी वाटचाल

‘हेवी’ हे इंग्रजी विशेषण मराठी माणसाला समजावून देण्याचे काम दोनशे वर्षांपासून चालू आहे. व्हान्स केनेडीचा १८२४ चा कोश मराठी-इंग्रजी आणि इंग्रजी-मराठी अशा दोन भागांत निघाला. पुढे मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पदरी असलेल्या शास्त्री-पंडितांच्या श्रमांवाचून हे काम उभेच राहिले नसते, पण त्यांची नावे आज फार थोड्यांना आठवतात. बाबा पदमनजींनी १८६० मध्ये त्या कोशाची आटोपशीर आवृत्ती करून शाळकरी मुलांची सोय केली.

खरी अडचण मात्र कोशापलीकडची होती. इंग्रजीत एकच ‘हेवी’ सगळीकडे चालतो. मराठीत ओझे जड असते, पाऊस मुसळधार, दंड जबर, झोप गाढ आणि लढाई तुंबळ. रस्त्यावर वाहनांची वर्दळ असते. तिथे विशेषणाची गरजच उरत नाही. मनाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा जुळतात: निरोप देताना अंतःकरण जडच होते. उलट, मराठीत ‘भारी’ म्हटले की वजनाआधी किंमत डोळ्यांपुढे येते. भारी साडी हातात हलकीही असू शकते. विशेषणाचा अर्थ नामाच्या सोबतीने ठरतो, हे प्रत्येक कोशकाराला नव्याने शिकावे लागले.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय निघाले. कारभाराच्या मराठीत ‘अवजड उद्योग’ आणि ‘अवजड वाहने’ रूढ झाली, ती इतकी की आज कोणाला परकी वाटत नाहीत. विज्ञानात ‘जड पाणी’ हे नाव काही अणुभट्ट्यांत वापरल्या जाणाऱ्या पाण्याला मिळाले. रायगड जिल्ह्यात थळला त्याचा कारखाना आहे. ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येत नाही तेही बोलण्यात ‘जड’च; त्याला पाठ्यपुस्तकांनी ‘दुष्फेन’ म्हटले. हा शब्द चोख आहे, पण विहिरीवर कोणी तो उच्चारत नाही. बाजाराने तर भाषांतराची वाटच पाहिली नाही: मुंबईत भाड्याचे घर ‘हेवी डिपॉझिट’वर मिळते आणि ट्रकचालकाजवळ ‘हेवी लायसन्स’ असते.

शाळेतही ‘हेवी’ आता लवकर भेटतो: राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावात या शब्दाची वाट आणखी लांबते. जिल्ह्यात भिली, अहिराणी, गुजरी अशा घरबोली आहेत. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने भिली आणि खानदेशी बोलींना १९०७ मध्येच स्वतंत्र भाग दिला होता. अशा घरातल्या मुलाला ‘हेवी’ आधी प्रमाण मराठीत कळावा लागतो, आणि ती मराठीही त्याला शाळेतच भेटलेली असते. इंग्रजी-मराठी शालेय कोशांनी या बोलींसाठी एक रकाना ठेवायला हवा.