ब्रिज कॅमेऱ्याची जन्मकथा



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो वेतनवाढ, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चूक नाही; गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो. आज मात्र मी एका कॅमेऱ्याची हकिगत सांगणार आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, धंदा फिटरचा. भिंगांचे शास्त्र मी शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि कॅमेरादुरुस्तीच्या एका दुकानात बाकावर बसून. शिकण्याची गरज का पडली, ते आधी सांगतो.

२०१४ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी फिसकटली. फाटकापासून १५० मीटरच्या आत जमू नये, असा औद्योगिक न्यायालयाचा मनाई हुकूम होता. आम्ही टेप लावून १६० मीटरवर चुन्याची रेघ मारली आणि तिच्या अलीकडे उभे राहिलो. दहा मीटर जास्त सोडले, ते उगाच तंटा नको म्हणून. पुढच्या आठवड्यात सात जणांना निलंबनाची पत्रे आली. चौकशीत कंपनीने दोन छायाचित्रे ठेवली. पहिल्यात आमची माणसे फाटकाला जवळजवळ पाठ टेकून उभी असलेली दिसत होती. चेहरे स्वच्छ, मिशासुद्धा ओळखू याव्यात. चित्र बनावट नव्हते. आम्ही मात्र तेथे उभे नव्हतो. हे दोन्ही एकदम खरे कसे असेल, या प्रश्नाने मला भिंगाच्या मागे लावले.

पूर्वी एका भिंगाला एकच नाभीय अंतर असे. दूरचे टिपायचे तर लांब भिंग, जवळचे टिपायचे तर आखूड. मी बारा वर्षांचा असताना, १९८२ च्या गिरणी संपात, वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार गळ्यात दोन-दोन कॅमेरे अडकवून फिरत. श्रीमंती दाखवण्याचा तो प्रकार असावा, असे मला तेव्हा वाटे. एक मोर्च्यासाठी आणि दुसरा वक्त्याच्या चेहऱ्यासाठी, हे पुष्कळ वर्षांनी कळले. भिंग बदलत बसले तर प्रसंग निघून जातो.

एकाच नळीतली भिंगे पुढेमागे सरकवून हे अंतर बदलता आले तर? ही कल्पना प्रथम सिनेमावाल्यांच्या कामी आली. १९३२ साली कूक वॅरो हे ४० ते १२० मिलिमीटरचे भिंग सिनेकॅमेऱ्यासाठी निघाले. साध्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याला असे भिंग मिळायला १९५९ साल उजाडले. मूळचा व्हिएन्नाचा आणि पुढे अमेरिकेत गेलेला फ्रँक बॅक याने आखलेले झूमार, ३६ ते ८२ मिलिमीटरचे, फोइग्टलेंडर कंपनीच्या नावाने विकले गेले. जड आणि महाग. म्हणजे दोन-सव्वादोन पट पल्ला गाठायला इतका खटाटोप. हा आकडा ध्यानात ठेवा, कारण पुढे १२५ पटीची गोष्ट यायची आहे.

भिंग बदलता येणारे मोठे कॅमेरे एका काठाला आणि खिशातले साधे कॅमेरे दुसऱ्या काठाला, अशी बाजारात मोठी दरी होती. ती बुजवायला १९८८ च्या सुमारास जपानी कंपन्यांनी एक नवी जात काढली. चिनॉनचा जेनेसिस, रिकोचा मिराई, ऑलिंपसचा सुपरझूम. भिंग पक्के बसवलेले, पण झूमचे. आणि बाकी सगळे आपोआप. १९९० साली ऑलिंपसने आयएस-१००० आणला, ३५ ते १३५ मिलिमीटरचा. दोन काठांना जोडणारा म्हणून या जातीला ब्रिज, म्हणजे पूल, हे नाव चिकटले. आकार मात्र काहींचे असे विचित्र होते की हातात कॅमेरा आहे की हजामतीचे यंत्र, असा प्रश्न पडावा.

फिल्मच्या काळात ही जात तीन-चार पटींच्या पलीकडे फारशी गेली नाही, याचे कारण साधे गणित आहे. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. तिच्यावर दूरची वस्तू मोठी उमटवायची तर भिंग खरोखरच तेवढे लांब हवे. ३००० मिलिमीटरचे एफ ८ भिंग करायचे तर त्याचे तोंड ३७५ मिलिमीटर, म्हणजे चांगल्या परातीएवढे होईल. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला आणि तो वाटेल तेवढा लहान करता येऊ लागला. या कॅमेऱ्यांतला नेहमीचा सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. चौकट साडेपाच पटींनी अरुंद झाली, की भिंगही तेवढ्याच पटीने आखूड चालते. ५३९ मिलिमीटरचे भिंग ३००० मिलिमीटरचे काम करते आणि त्याचे तोंड वाटीएवढे राहते. सुपरझूमची सारी करामत या नखाएवढ्या तुकड्यात आहे. त्याचे सारे दोषही तेथेच आहेत.

मग शर्यत लागली. २००० साली ऑलिंपसच्या सी-२१०० मध्ये दहा पट झूम आणि हाताचा कंप सावरणारी यंत्रणा एकत्र आली. हा कंपाचा मुद्दा मोठा आहे. जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा असा की जितके मिलिमीटर भिंग, तितकावा भाग सेकंद पडदा उघडा ठेवावा. १२०० मिलिमीटरला एक-बाराशेवा. कंप सावरणारी यंत्रणा नसती तर हा कॅमेरा तिपाईशिवाय कोणाच्याच उपयोगाचा ठरला नसता. २००२ साली पॅनासॉनिकने एफझेड-१ काढला, बारा पट, आणि शेवटच्या टोकापर्यंत एफ २.८ इतके उजेडाळ भिंग. माझ्या मते या जातीतला सर्वांत प्रामाणिक कॅमेरा तोच. पुढे पटींच्या आकड्याने सगळ्यांना झपाटले. २०१२ साली कॅननने एसएक्स-५० मध्ये ५० पट दिले. निकॉनने २०१५ साली पी-९०० मध्ये ८३ आणि २०१८ साली पी-१००० मध्ये १२५ पट दिले. या शेवटच्याचे वजन १४०० ग्रॅमच्या वर आहे. खिशातल्या कॅमेऱ्याचा हा नातेवाईक!

गुण सांगताना हात आखडता घेणार नाही. भिगवणला रोहित पाहायला जाणारा शिक्षक किंवा बँकेतला कारकून लाखांची भिंगे कोठून आणणार? या कॅमेऱ्याने त्याला पक्ष्याच्या डोळ्यातली चमक दाखवली आणि घरच्या गच्चीवरून चंद्रावरची विवरे दाखवली. भिंग कधी काढायचेच नसल्याने धूळ आत जाण्याचा धोका कमी. तालुक्याच्या बातमीदाराला सभेची गर्दी आणि मंचावरचा पुढारी एकाच यंत्राने मिळाला. आमच्या संघटनेने असाच एक जुना कॅमेरा वर्गणी काढून घेतला, आणि दोन कॅमेरेवाल्यांची जी मिजास मी लहानपणी पाहिली होती ती आमच्या कचेरीतल्या पोऱ्याच्या हाती आली.

आता दोष. नखाएवढ्या सेन्सरचे क्षेत्रफळ फिल्मच्या चौकटीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे. एकाच भिंगछिद्राने आणि तेवढ्याच वेळात त्यावर प्रकाशही तिसावा हिस्साच पडतो. त्यात झूम ताणला की भिंगछिद्र लहान होते; पी-१००० मध्ये ते एफ २.८ वरून एफ ८ वर येते, म्हणजे उजेड आठवा हिस्सा. भर दुपारी हे खपते. तिन्हीसांजेला कॅमेरा अंधाराशी झगडतो. चित्रात राळ उडाल्यासारखे ठिपके येतात, आणि ते पुसण्यासाठी आतला संगणक बोळा फिरवतो. ठिपक्यांबरोबर चेहऱ्याच्या रेघाही पुसल्या जातात. शिवाय प्रकाशाचा स्वतःचा एक स्वभाव आहे : छिद्रातून जाताना तो पसरतो. एफ ८ ला एक बिंदू सुमारे दहा मायक्रॉन रुंद होतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सेन्सरवरचा एकेक कण मात्र १.३ मायक्रॉनचा. एक बिंदू आठ कणांच्या रुंदीत सांडतो, मग जाहिरातीतले दीड कोटी कण काय करणार? आणि दूरवरच्या चित्रात मध्ये हवा असते. मे महिन्यात डांबरी रस्त्यावरून उठणाऱ्या झळांना कोणतीही कंपनी आवरू शकत नाही.

मोठा सेन्सर घातला तर? तेही झाले. सोनीच्या आरएक्स-१० मालिकेने चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर घातला आणि २०१६ पासून ६०० मिलिमीटरपर्यंत चांगली चित्रे दिली. पल्ला घटला, किंमत मात्र इतकी चढली की पूल ओलांडणाऱ्याने सरळ पलीकडच्या काठावर घर घ्यावे.

पण घाला पडला तो दुसरीकडून. २०१० साली जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० साली ९० लाखसुद्धा नाहीत. बाकीचे मोबाइलने गिळले. चिनॉन कोडॅकच्या पोटात गेली आणि कोडॅकने स्वतः २०१२ साली कॅमेरे बंद केले. ऑलिंपसने आपला कॅमेऱ्याचा धंदा २०२१ च्या आरंभी दुसऱ्याच्या स्वाधीन केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये निकॉनने चीनमधल्या वुशीचा कारखाना बंद केला आणि कारण स्मार्टफोनचे सांगितले. तेथे दोन हजारांहून अधिक कामगार होते. कॅमेऱ्यांच्या गुणदोषांवर पुष्कळ लिहिले जाते, त्यात या दोन हजारांचा उल्लेख मला क्वचितच सापडला. दूरचे टिपणारा सुपरझूम तेवढा तग धरून राहिला, कारण मोबाइलला तो पल्ला अजून जमलेला नाही. २०२५ साली निकॉनने १२५ पटींचाच पी-११०० आणला.

आता आमच्या चौकशीकडे येतो. पहिल्या तीन बैठकांत आम्हाला नुसती छापील प्रत दाखवली. आम्ही मूळ फाइल मागितली. डिजिटल चित्राच्या पोटात तारीख, वेळ आणि भिंगाचे नाभीय अंतर नोंदलेले असते. चौथ्या बैठकीला ती मिळाली. आकडा निघाला २१५ मिलिमीटर. कंपनीचे प्रतिनिधी म्हणाले, एवढे काही लांब नाही. मी सेन्सरचे माप मांडून दाखवले, की हे २१५ म्हणजे फिल्मच्या हिशेबात १२००. मग जागा शोधली. रस्त्याच्या टोकाला कंपनीच्याच गोदामाची गच्ची होती : आमच्या रेघेपासून ३४० मीटर, फाटकापासून ५००.

येथेच सगळी गोम होती. पंधरा मीटरवरून पाहाल तर रेघेवरच्या माणसाच्या मानाने फाटकावरचा माणूस बाराव्या हिश्श्याएवढा दिसेल आणि मधले अंतर डोळ्यांत भरेल. गच्चीवरून पाहाल तर तोच माणूस दोन-तृतीयांश उंचीचा दिसेल, आणि दोघे जवळ उभे आहेत असे वाटेल. हा दोष झूमचा नव्हे, उभे राहण्याच्या जागेचा. त्याच गच्चीवरून रुंद चित्र घेऊन मधला तुकडा मोठा केला, तरी प्रमाण हेच येते. फक्त चित्र इतके पुसट होते की त्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. झूमने त्या फसव्या अंतराला स्वच्छ चेहरे दिले, आणि चेहरे स्वच्छ दिसले की माणूस अंतराबद्दल विचारत नाही. आम्ही गच्चीवर जायची परवानगी मागितली, ती मिळाली. रेघेवर एक आणि फाटकावर एक गडी उभा करून दोन्ही प्रकारची चित्रे घेतली. चौकशी अधिकारी वयस्क वकील होते. त्यांनी स्वतः टेप धरला. सहा जण कामावर परत घेतले गेले.

सातव्याचे तसे झाले नाही. दुसरे छायाचित्र संध्याकाळी सातनंतरचे, त्याच कॅमेऱ्याने आणि पुऱ्या झूमवर घेतलेले. कंपनीच्या बसवर दगड मारणारा एक माणूस त्यात दिसतो. चेहऱ्याच्या जागी मेणासारखा गुळगुळीत गोळा आहे. ओळख पटवली ती चौकटीच्या शर्टावरून. प्रकाश आणि सेन्सर यांचे जे आज तुम्हाला सांगितले तेच मी तेथे सांगितले, पण ते पुरे पडले नाही. त्याला बडतर्फ केले. कामगार न्यायालयात चार वर्षे गेली, आणि शेवटी मुलीच्या लग्नासाठी त्याने रक्कम घेऊन तडजोड केली. तो दगड मी मारला नाही, असे तो अजून सांगतो. ते छायाचित्र आमच्या कचेरीतल्या फायलीत आहे. मी ते अनेकदा मोठे करून पाहिले. त्यातला माणूस तो आहे की नाही, हे मला सांगता येत नाही.