घाटाखालचं नाव, घाटावरचं नाव

मतदारसंघांच्या नकाशावर वैशाखरे मुरबाडमध्ये येतं आणि घाटघर जुन्नरमध्ये. लोकसभेला एक गाव भिवंडीला मत देतं, दुसरं शिरूरला. मधे सह्याद्रीची धार. पण ती धार ओलांडणारा नाणेघाट सातवाहनकाळी कल्याण बंदराचा माल जुन्नरला पोचवत होता. म्हणून आम्ही ही नावं एकत्र वाचतो.

घाटघर सरळ आहे, घाटमाथ्यावरचं गाव. वैशाखरेची व्युत्पत्ती ‘वैश्यगृह’, म्हणजे व्यापाऱ्यांच्या मुक्कामाची जागा, अशी सांगतात. चढणीच्या पायथ्याला तांडे थांबणारच, अर्थ पटतो. पण ‘गृह’चं ‘घर’ होतं, ‘खरे’ कसं झालं? इथं आम्ही जरा अडखळतो.

नाणेघाटाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ असते: माथ्यावरचा दगडी रांजण, त्यात पडणारी जकातीची नाणी. आता जवळच्या लेण्यात चला. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. त्यात यज्ञ आहेत, हजारोंच्या संख्येत गाई आहेत, आणि कार्षापण, म्हणजे नाणीसुद्धा आहेत. पण ती यज्ञाच्या दक्षिणेची! लेखाचा जो भाग वाचता येतो, त्यात जकात नाही. रांजणाची गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही, फक्त तिला या लेखाचा दाखला देऊ नये. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका यांचे पुतळे होते. आज पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत.