मळवलीचा दगड, फाळक्यांची फिल्म आणि फुलांचे चेहरे

पांढऱ्या भिंतीपुढे काढलेला चेहऱ्याचा फोटो फोटोशॉपमध्ये घ्या आणि त्यावर जास्वंदीच्या चित्राचा लेयर ठेवा. लेयरला 'स्क्रीन' हा मोड लावला की फुलं फक्त काळ्याभोर केसांत उमलतात, भिंत कोरीच राहते. 'मल्टिप्लाय' मोड लावला की सगळं उलटं होतं. केस काळेच राहतात आणि पाकळ्या कपाळावर, गालांवर उतरतात.

या कलेचं कूळ विचारलं की बहुतेक जण आर्चिम्बोल्दोचं नाव घेतात. या इटालियन चित्रकाराने १५६३ साली फुलापानांचा 'वसंत' रंगवला. मला हे कूळ मान्य नाही. त्याच्या चित्रातली फुलं काढून घेतली तर मागे चेहरा उरतच नाही. संगणकावर मात्र दोन्ही चित्रं शाबूत असतात आणि एकातून दुसरं दिसतं. हा गुण कुंचल्याचा नाही. तो छपाईचा आणि कॅमेऱ्याचा आहे.

मल्टिप्लायचा पूर्वज म्हणजे शिळाछाप. रंगीत चित्रासाठी दर रंगाला वेगळा दगड लागे. पिवळ्यावर पारदर्शक निळी शाई चढली की पान हिरवं होई. शाई कागदावरचा उजेड फक्त कमी करते. संगणकही तेच करतो. काळ्याला ० आणि पांढऱ्याला १ मानलं, तर दोन मध्यम करड्या छटा गुणून ०.५ × ०.५ = ०.२५, म्हणजे अधिक गडद.

स्क्रीनचा पूर्वज डबल एक्स्पोजर. एकाच फिल्मवर दोनदा प्रकाश पडला की उजेड वाढतच जातो. त्याच दोन करड्या छटा स्क्रीनमध्ये ०.७५ होतात. फिल्मवर जिथे आधी अंधार होता, तिथेच दुसरं चित्र ठळक उमटतं. केसांतल्या जास्वंदीचं गुपित हेच.

आपल्याकडे पुण्यात १८७८ साली चित्रशाळा हा छापखाना निघाला आणि शिळाछापाची देवादिकांची, पेशवाईतली चित्रं घरोघरी गेली. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला चित्रकार राजा रविवर्म्याचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. इथेच मला छपाई आणि कॅमेरा यांना जोडणारा दुवा सापडला. या छापखान्यासाठी फोटो-लिथोचं, म्हणजे फोटोवरून शिळाछापाचं, काम करणारे गृहस्थ होते पुढे चित्रपटकार झालेले धुंडिराज गोविंद फाळके.

१९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी आधी एका रोपाची वाढ टिपली. थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेऊन बीजाचा वेल पडद्यावर वाढताना दाखवला. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये तर सुरुवातीलाच त्यांची लेक मंदाकिनी चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि तिच्या जागी हळूहळू, डबल एक्स्पोजरसारखाच, वेशातला कृष्ण अवतरतो. हा चित्रपट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेला आहे.

प्रतिपक्ष म्हणेल, डबल एक्स्पोजर अमेरिकेत ममलर या छायाचित्रकाराने १८६०च्या दशकातच 'भुतांचे' फोटो काढायला वापरलं होतं. खरंच आहे, पहिलेपणाचा मान फाळक्यांना देता येत नाही. माझा दावा वेगळा आहे. शाईने उजेड घटवणं आणि कॅमेऱ्याने उजेड वाढवणं, या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या हातात आल्या. रोप आणि चेहरा हे दोन्ही विषयही त्याच्याच कॅमेऱ्यापुढे आले. दगडावर रंगांचे थर लावताना तयार झालेली नजरच पुढे फिल्मवर कामी आली, असं माझं ठाम मत आहे.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं, त्यात लेयर १९९४ साली आले. या लेयरांनी गुणाकाराचा हा जुना हिशेब बटणावर आणला. म्हणून चेहऱ्यात फुलं मिसळणाऱ्या मुलांनी आर्चिम्बोल्दोच्या आधी एखादं जुनं शिळाछाप चित्र (ओलिओग्राफ) भिंगाखाली पाहावं आणि 'कालिया मर्दन'ची पहिली काही मिनिटं पाहावीत. कुठला मोड का निवडायचा, हे तिथे डोळ्यांनाच कळतं.