पेठांतलीं चित्रगृहें

चित्रपटाचा इतिहास आपल्याकडे पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु तो बहुतेक चित्रपट काढणाऱ्यांचा इतिहास आहे. कोणता बोलपट कोणीं काढला, त्यांत कामें कोणीं केलीं, चाली कोणीं बांधल्या, याची तपशीलवार माहिती मिळते. ज्या इमारतींत बसून लोकांनीं ते बोलपट पाहिले, त्या इमारतींचा, त्यांतल्या बांकांचा आणि बांकांवर दाटीनें बसणाऱ्या माणसांचा इतिहास मात्र फारसा कोणीं मनावर घेतलेला नाहीं. आज मी पुण्याच्या जुन्या पेठांतल्या चित्रगृहांसंबंधीं बोलणार आहें, तें या दुसऱ्या इतिहासाकडे श्रोत्यांचें लक्ष वेधावें म्हणून. माझें बालपण मंडईच्या आसपासच्या एका वाड्यांत गेलें. तेव्हां माझी साक्ष अगदींच ऐकीव नाहीं.

आरंभ पुण्यांत झाला नाहीं, हें पुणेकराला कबूल करणें जड जातें. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला, तोच आपल्या देशांतला पहिला. तिकीट एक रुपया होतें. आठवड्यानें हाच खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहांत होऊं लागला आणि लवकरच तेथें चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर लावण्यांत आले. पडद्यांतल्या स्त्रियांसाठीं वेगळ्या जागाहि राखून ठेवण्यांत आल्या. ही दरांची आणि जागांची गोष्ट क्षुल्लक वाटेल. मला ती फार महत्त्वाची वाटते. चित्रें नवीं होतीं, परंतु बसण्याची रीत नवी नव्हती. ती नाटकगृहानें आयती दिली. पुढें साठसत्तर वर्षें आमच्या चित्रगृहांत जी पायऱ्यापायऱ्यांची समाजरचना दिसली, तिचें मूळ येथें आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या ज्या चित्रगृहाला सारें पुणें विजय टॉकीज म्हणे, त्याचें खरें नांव लिमये नाट्यचित्र मंदिर. एका नांवांत दोन कलांनीं मांडलेला हा संसार पाहिला, म्हणजे निराळा पुरावा नको.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला, तेव्हां त्याच्या जोडीला एका युरोपियन बाईचें नृत्य, एक विनोदी प्रवेश आणि पायांनीं वस्तू झेलणाऱ्या एका कसबी माणसाचे खेळहि होते. नुसत्या चित्रावर गिऱ्हाईक तृप्त होईल, असा भरंवसा चालकांना अजून वाटत नव्हता. गांवोगांवचा सिनेमा तर तेव्हां तंबूंतला. अब्दुल्लाली युसुफअल्ली यांच्यासारखे उद्योगी लोक तंबू आणि यंत्र बरोबर घेऊन मुलूखभर हिंडत. तंबू उठला कीं सिनेमा संपला. त्याची आठवण राही. पत्ता राहत नसे.

पुण्यांत सिनेमाला पत्ता मिळाला तो १९१५ सालीं. गंगाधरपंत पाठक यांनीं मंडईला लागून आर्यन सिनेमा सुरू केला. पुण्यांतलें पहिलें कायमचें चित्रगृह हा मान त्याचा. जागेची निवड मोठी मार्मिक होती. १८८६ सालीं बांधलेलें रे मार्केट, म्हणजेच आजची महात्मा फुले मंडई, हें सर्व पेठांच्या पायाखालचें ठिकाण. ब्राह्मण असो, माळी असो, बोहरी असो, भाजी घ्यायला मंडईंत येणें कोणाला चुकत नसे. आणि जेथें सकाळीं भाजीला जायचें, तेथेंच सायंकाळीं सिनेमाला जाण्यांत कांहीं अघटित करीत आहों असें वाटत नसे. मंडईच्याच परिसरांत पुढें मिनर्व्हा झालें.

मूकपटाच्या काळांत चित्रगृह मात्र मुकें नव्हतें. पडद्याशेजारीं पेटी-तबला वाजत असे, आणि प्रवेशाप्रवेशांमधून येणारीं अक्षरें, ज्याला वाचतां येई तो, ज्याला येत नसे त्याच्यासाठीं मोठ्यानें वाची. माझी आजी सांगे कीं, तिच्या शेजारीं एक शाळकरी मुलगा बसला होता. तो ओळी वाची आणि भोंवतालचीं दहाबारा माणसें त्याच्या तोंडाकडे कान लावून बसत. मध्येंच एका शब्दाला तो अडखळला, तर मागून कोणीतरी खेंकसलें, “अरे, पुढें वाच, तिकडे राक्षस आला!” वाचनाचें असें सार्वजनिक महत्त्व त्या मुलाला शाळेंत खचित कधीं कळलें नसेल.

१९३४ सालीं अप्पा बळवंत चौकाजवळ इंदूरच्या सरदार किबे यांनीं बांधलेलें किबे लक्ष्मी थिएटर उघडलें. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्येंच कोल्हापुराहून पुण्यास आली होती. तिनें लौकरच हें चित्रगृह चालवावयास घेतलें आणि त्याचें नांव प्रभात झालें. चित्रपट तयार होई त्या वास्तूपासून चित्रपट लागे त्या वास्तूपर्यंत पायीं जाऊन येतां यावें, हें भाग्य हिंदुस्थानांतल्या फार थोड्या शहरांना लाभलें असेल. तुतारी फुंकणारी स्त्री पडद्यावर आली कीं आम्ही मुलें टाळ्या वाजवीत असूं. आमच्या जन्माआधींच ते बोलपट जुने झाले होते; पण सकाळच्या खेळांत ते पुन्हां पुन्हां येत, आणि टाळी जुनी होत नसे.

माझ्या आठवणी १९६० च्या आगेंमागें कांहीं वर्षांच्या आहेत. आण्यांचें जाऊन नवे पैसे आले होते, तरी तिकिटाच्या खिडकीपाशीं बोलणें आण्यांतच चाले. खिडकी कसली, भिंतींतलें एक भोंक; त्यांत पैशांची मूठ घालायची आणि तिकिटाची मूठ बाहेर काढायची. मनगट सोलवटून निघालें नाहीं, तर तिकीट मिळालेंसें वाटत नसे. दाराशीं खारे दाणे, शेंगा आणि गोटी-सोडा. आंत बांकांच्या फटींतून ढेकूण. घरीं आल्यावर आई अंगावरचे कपडे अंगणांतच झटकावयास लावी. बोलपटाच्या गाण्यांचें पातळसें पुस्तक मध्यंतरांत विकत मिळे. तें घेण्यास परवानगी मिळाली, तर तो दिवाळसणच.

वर्गवारी कडक होती. पडद्याजवळचें पिट सर्वांत स्वस्त. तेथें मान वर करून बसावें लागे. पिटाचें दार निराळें, बाल्कनीचा जिना निराळा. बाहेर पडतांनाहि दोन प्रकारचीं माणसें एकमेकांत मिसळूं नयेत अशी व्यवस्था. तरीपण एक गोष्ट विसरतां येत नाहीं. तिकिटाच्या खिडकींत पैसे विचारले जात, जात विचारली जात नसे. ज्या पेठांत पाण्याच्या हौदांपासून पंगतींपर्यंत प्रत्येक गोष्टीला कोणाचें तरी सोंवळें होतें, तेथें अंधारांत शेजारीं कोण बसलें आहे, हें कळण्याचें साधन नव्हतें आणि कोणाला त्याची फिकीरहि नव्हती. यानें समाज सुधारला असें मी म्हणणार नाहीं. खेळ सुटल्यावर जो तो आपापल्या आळींत शिरे. पण तीन तास ही सवय अंगवळणीं पडत होती, आणि ती लावण्यासाठीं कोणी व्याख्यान दिलें नव्हतें.

स्त्रियांच्या बाबतींत तर मला याहून अधिक म्हणावेंसें वाटतें. आमच्यासारख्या घरांतल्या बायकांना बाहेर जाण्यासाठीं कारण लागे. देऊळ, हळदीकुंकू, माहेर आणि मंडई, एवढींच मान्य कारणें. १९३६ सालीं प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला आणि या यादींत एकाची भर पडली. विष्णुपंत पागनिसांच्या रूपानें पडद्यावर जो तुकाराम आला, त्याला पाहणें म्हणजे नाटकसिनेमा नव्हे, दर्शन, असा निवाडा आमच्या पणजीनें दिला. तिनें म्हणे चित्रगृहांत पाऊल टाकतांना उंबरठ्याला हात लावून नमस्कार केला होता. पणजी एकदां गेली. आजी मग वर्षांतून चारदां गेली. आई दर महिन्याला जाई, आणि तिला तुकारामाचें निमित्त लागत नसे. दुपारच्या खेळाला वाड्यांतल्या चारपांच जणी मिळून निघत, कडेवरचें मूल बरोबर असे, आणि सोबतीला पुरुष असावा ही अट केव्हां गळून पडली तें घरांतल्या कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. चित्रगृह घरापासून दहा मिनिटांवर होतें म्हणून हें घडलें. तें शहराच्या दुसऱ्या टोंकाला असतें, तर त्यांना कोणीं जाऊं दिलें असतें?

मुलांचें सारें कुतूहल मागच्या भिंतींतल्या चौकोनी भोंकावर खिळलेलें असे. तेथून निघालेल्या प्रकाशाच्या झोतांत धूळ आणि विड्यांचा धूर नाचत असे. त्या भिंतीआडची खोली वेगळी आणि अग्निरोधक असावयाची, याला कारण होतें. पूर्वीची फिल्म नायट्रेटची. ती पेटली कीं विझवितां येत नसे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानें चित्रगृहांना परवाने सक्तीचे केले, त्यांत चित्रांच्या नीतीइतकीच या आगीचीहि चिंता होती. आंत दोन यंत्रें असत. कार्बनच्या दोन कांड्यांमध्यें विजेची ठिणगी धगधगत ठेवून उजेड मिळवायचा, कांड्या झिजतील तशा जवळ आणायच्या. बोलपटाचें हजार फुटी रीळ सुमारें अकरा मिनिटांत संपे. तें संपत आलें कीं पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यांत क्षणभर एक ठिपका चमके. ऑपरेटर दुसरें यंत्र चालूं करी. थोड्या वेळानें दुसरा ठिपका, आणि पहिलें यंत्र बंद. हें इतकें सफाईनें होई कीं, हजार लोकांतल्या एकालाहि त्याचा पत्ता लागूं नये. आमच्या वाड्यांतल्या एका थोरल्या मुलानें हें ठिपक्याचें गुपित फोडलें, तेव्हांपासून कित्येक दिवस आम्ही गोष्ट सोडून ठिपकेच पाहत होतों. फिल्म तुटली, पडदा पांढरा झाला, कीं पिटांतून शिट्ट्यांचा कल्लोळ उठे. ऑपरेटरची आठवण प्रेक्षकांना होई ती एवढ्याच वेळीं.

मूळ चित्राआधीं फिल्म्स डिव्हिजनचें समाचारचित्र असे. १९४८ सालीं निघालेल्या या सरकारी संस्थेचीं चित्रें दाखविणें प्रत्येक चित्रगृहाला बंधनकारक होतें. धरणें, पूर, पाहुण्यांचे सत्कार आणि शेवटीं क्रिकेट. लोक त्या वेळांत आपापल्या जागा शोधीत, हें खरें. तरी भाक्रा धरण मीं प्रथम पाहिलें तें मंडईजवळच्या एका बांकावर बसून.

हें सारें कशानें गेलें? एकाच कारणानें नव्हे. १९७३ मध्यें दूरदर्शन पुण्यांत दिसूं लागलें आणि आठवड्याचा एक चित्रपट घरांत आला. पुढच्या दशकांत व्हिडिओ कॅसेट आली. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें अनेक पडद्यांच्या नव्या चित्रगृहांना करमणूक करांत मोठी सवलत दिली. जुनीं एकपडदा चित्रगृहें भरावयाचा तो कर भरीत राहिलीं. आणि या सर्वांवर कडी म्हणजे जमिनीचा भाव. पेठेंतल्या मोक्याच्या जागीं आठशें खुर्च्या दिवसभर अर्ध्या रिकाम्या ठेवणें हा तोट्याचा धंदा ठरला. मालकांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. आपणहि तोंपर्यंत जावयाचें सोडलेंच होतें. आर्यन १९८३ सालीं बंद झालें. प्रभात दामले कुटुंबीयांनीं २०१४ अखेरपर्यंत चालविलें. करार संपल्यावर वास्तु मूळ मालकांकडे गेली आणि तिला किबे लक्ष्मी हें जुनें नांव परत मिळालें. मंडईजवळ आतां वाहनतळ आहेत. त्यांना थोरांचीं नांवें रीतसर दिलेलीं आहेत, परंतु लोक त्यांना अजून मिनर्व्हा आणि आर्यन म्हणतात. गाडी लावणाऱ्या तरुणाला विचारावें, तर मिनर्व्हा हें वाहनतळाचेंच नांव आहे असें तो सांगतो.

फिल्मांची निगा राखण्यासाठीं १९६४ पासून पुण्यांतच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तरीहि तेराशेंहून अधिक मूकपटांपैकीं हातीं उरले आहेत ते तीसएक; आणि ८ जानेवारी २००३ च्या आगींत पुण्यांतल्याच कोठारांतल्या जुन्या नायट्रेट फिल्मा जळून गेल्या. पण फिल्मांसाठीं निदान रडणारें कोणी आहे. चित्रगृहांचे हिशेब, तिकिटांचे दर, ऑपरेटरांच्या नोंदवह्या, बायकांच्या राखीव जागांचे नकाशे, हें कोणत्या संग्रहालयानें सांभाळावें? यांतलें बहुतेक इमारत पाडतांना रद्दींत गेलें.

बुधवारीं आणि रविवारीं भरणाऱ्या जुन्या बाजारांत अजून कधींमधीं बोलपटांच्या गुलाबी, हिरव्या, पातळ कागदाच्या हस्तपत्रिका मिळतात. टांग्यांतून बँड वाजवीत ज्या वाटल्या जात, त्या. संग्राहक त्या घेतात त्या वरच्या नटीच्या चित्रासाठीं. खालच्या अंगाला बारीक टाईपांत चित्रगृहाचें नांव, खेळांच्या वेळा, वर्गवार दर आणि ‘स्त्रियांसाठीं बसण्याची स्वतंत्र सोय’ असें छापलेलें असतें. विकणारा पुष्कळदां तो भाग दुमडून ठेवतो, कारण चित्र नीट दिसलें म्हणजे भाव बरा येतो. आपल्यापैकीं कोणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेंत असा कागद असेल, तर तो टाकण्यापूर्वीं खालच्या ओळी एकदां वाचून, उतरून ठेवाव्या.