शमशेरीवरील सोन्याची अक्षरे (तळटीप)

इराणी पात्यांवर सोने चढवण्याच्या दोन पद्धती होत्या. जुन्या वस्तूंचे विक्रेते त्या सर्रास एकच मानतात, म्हणून थोडा खुलासा. खरे जडावकाम म्हणजे पोलादात बारीक छिन्नीने चर कोरायचा, तो तळाशी किंचित रुंद ठेवायचा आणि त्यात सोन्याची तार ठोकून बसवायची. मऊ सोने पसरते आणि चराच्या कडांखाली अडकते. डाक लागत नाही. कोफ्तगरीत चर नसतो. पोलादावर आडव्यातिडव्या रेघा ओढून ते खरखरीत करतात, त्यावर तार किंवा पत्रा दाबतात आणि अकीकाने घोटतात. हे काम झटपट होते, सोनेही कमी लागते. पण हात लागून झिजते. सोने उडालेल्या जागी रेघांची जाळी दिसली की ती कोफ्तगरी, मग विक्रेता काहीही सांगो.

मुठीजवळच्या सोनेरी चौकटीत पुष्कळदा असदुल्लाह इस्फहानी या कारागिराचे नाव असते, शेजारी शाह अब्बासचेही. त्यावर विसंबू नये. हा बादशहा १६२९ साली वारला, आणि असदुल्लाहचे नाव मिरवणारी कित्येक पाती उघडच त्यानंतरची आहेत. नाव पुढे छापासारखे चालले. त्यापेक्षा पात्यातली पाण्यासारखी लहरदार नक्षी पाहावी. अशा पोलादाच्या वड्या गोवळकोंड्याच्या मुलखातून इराणला जात, त्यामुळे इस्फहानच्या कित्येक पात्यांचे मूळ द्रव्य दख्खनचेच असणार.