व्यसनमुक्ती समुपदेशकांचे पर्यवेक्षण

दारू, गर्द, गांजा यांसारख्या व्यसनांतून सुटू पाहणाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकाने आपले काम नियमितपणे एखाद्या अनुभवी व्यावसायिकापुढे मांडून तपासून घेण्याची पद्धत. बोलण्यात हिला ‘सुपरव्हिजन’ म्हणतात. ‘पर्यवेक्षण’ म्हटले की परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारे मास्तर आठवतात आणि घोटाळा तिथेच होतो. हजेरी, रजा, नोंदवह्या हा प्रशासनाचा भाग. येथे विषय असतो तो बंद दाराआड रुग्ण आणि समुपदेशक यांच्यात काय घडले, एवढाच.

पद्धतीचे मूळ मनोविश्लेषणात आहे. माक्स आयटिंगॉन यांनी १९२० मध्ये सुरू झालेल्या बर्लिनच्या चिकित्सालयात ती रुजवली. व्यसनोपचारात ती बरीच उशिरा आली, कारण येथला समुपदेशक बहुधा पदवीच्या वाटेने आलेलाच नव्हता. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मदतगटाच्या (१९३५) प्रभावाखाली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५० च्या दशकात दारूतून बाहेर आलेल्या माणसांनाच समुपदेशक म्हणून नेमले जाऊ लागले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनमुक्त झालेले अनेक रुग्ण पुढे कार्यकर्ते, समुपदेशक झाले.

ही या क्षेत्राची ताकद आहे आणि पर्यवेक्षणाची गरज सर्वांत जास्त इथेच भासते. ‘मी यातून गेलोय’ या एका वाक्याने रुग्ण मोकळा होतो. पण त्याच वाक्यानंतर समुपदेशक स्वतःचीच गोष्ट रुग्णाच्या तोंडी घालू लागण्याचा धोका असतो. मी मदतगटाच्या मीटिंगांना जाऊन सुटलो, तर हा का जात नाही? अशी चीड आली की ती नेमकी कोणावर आहे, हे दुसऱ्या कुणीतरी विचारावे लागते.

व्यसन लपवाछपवीवर जगते, आणि ती लपवाछपवी पर्यवेक्षणाच्या खोलीपर्यंत चढते. रुग्ण समुपदेशकाला सांगतो, ‘सर, दोन महिने थेंब नाही.’ समुपदेशकाला वास आलेला असतो. तरी तो वहीत ‘प्रगती चांगली’ लिहितो आणि पर्यवेक्षकापुढे नेमकी हीच केस काढायची टाळतो. म्हणजे घरात रुग्णाची बायको जसे पांघरूण घालते तसेच इथे चालू झाले. एका नात्यातला खेळ दुसऱ्या नात्यात असा उमटतो, हे हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये मनोविश्लेषणाच्या संदर्भात दाखवून दिले होते.

म्हणून सांगोवांगीवर भागत नाही. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी प्रेरणात्मक संवादाच्या (रुग्णाच्याच तोंडून बदलाची कारणे काढून घेणाऱ्या समुपदेशन-पद्धतीच्या) प्रशिक्षणाची १४० व्यसनोपचार व्यावसायिकांवर चाचणी घेतली (२००४). कार्यशाळेला प्रत्यक्ष कामावरच्या अभिप्रायाची किंवा वैयक्तिक मार्गदर्शनाची जोड मिळाल्यावर कौशल्य अधिक वाढले. त्याहून बोलका निष्कर्ष असा, की आपण किती चांगले काम करतो याविषयी समुपदेशकांचे स्वतःचे मत आणि ध्वनिफितीत ऐकू येणारे काम यांचा मेळ बसला नाही. त्यामुळे चांगला पर्यवेक्षक रेकॉर्डिंग लावतो आणि मध्येच थांबवून विचारतो, ‘इथे तो गप्प झाला. तुम्ही लगेच का बोललात?’ रेकॉर्डिंगसाठी रुग्णाची संमती लागते, आणि आपल्याविषयी पर्यवेक्षकाशी चर्चा होईल हे त्याला आधीच सांगावे लागते.

अमेरिकी सरकारच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत रुग्णांसोबतच्या दर २० ते ४० तासांच्या कामामागे १ तास पर्यवेक्षण असा ढोबळ हिशेब दिला आहे. लहान केंद्रात तो तास मिळाला तरी समोर बसतो तो बहुधा पगारपत्रकावर सही करणारा. त्याच्यापुढे ‘काल परत प्यावीशी वाटली’ हे कोण बोलेल? अशा केंद्राने महिन्यातून एकदा तरी बाहेरचा पर्यवेक्षक बोलवावा. मात्र समुपदेशकाचे स्वतःचे व्यसन उसळले, तर त्याच्यावर उपचार करणे हे त्या पर्यवेक्षकाचेही काम नव्हे. तो त्याला रुग्णांपासून काही काळ बाजूला करतो आणि उपचारासाठी दुसरीकडे पाठवतो.